ग्रिम्सबी, कान-नाक-घसा विभाग

‘आ’ म्हणा, मी म्हणते,
आणि ट्रेव्हर बेलबी हसतो:
चाळीस वर्षं तेवढंच तर केलं.

नाकातून कॅमेरा उतरतो.
पडद्यावर त्याच्या स्वररज्जू,
कडेला घट्टे,
दोर ओढणाऱ्याच्या तळहातावर असतात तसे.

बाप गोदीवर मासळीचा लिलाव पुकारायचा,
पहाटे, बर्फाच्या वाफेत:
कॉड, हॅडॉक, कॉड.
आवाज तिथला, तो सांगतो.
केस, चामडी पँट, नाव
मॅनेजरने दिलेलं.

दोन रेकॉर्ड. हॅम्बुर्ग, एसेन, एकदा ओसाका.
मग व्हॅन विकली, ड्रमर मेला,
बेसवाल्याने फरश्यांचं दुकान टाकलं.

आई कारखान्यात डबे भरता भरता बहिरी झालेली.
स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून ऐकायची
आणि म्हणायची,
दुसरं गाणं आज घाईत गेलं.
चुकायची नाही कधी.

तीन आठवडे मौन, मी लिहून देते.
कुजबुजही नको, तिने घसा जास्त सोलतो.

तो खिशातली पावती काढतो, मागे लिहितो:
कुत्र्याला हाक कशी मारू?

मी टाळी वाजवून दाखवते.
तोही वाजवून बघतो. बेताल.
पावतीवर उरलेल्या जागेत लिहितो:
ते खातं ड्रमरकडे होतं.