रात्रपाळीचं रीडिंग

डॉक्टर लमीसनं कागदावर हृदय काढलं,
चार कप्पे, आणि एका दाराशी पेन टेकवून म्हणाली,
इथे. जन्मापासूनच अरुंद.
मी म्हटलं, म्हणजे व्हॉल्व्ह चोक आहे.
ती हसली नाही. म्हणाली, हो, तसंच.

बावीस वर्षं मी चिलरवर काढली.
आता सोहार पोर्ट, त्याआधी रुवी.
व्हॉल्व्ह चोक झाला तर काय करायचं हे हाताला पाठ आहे:
लाइन बंद करा, गॅस काढा, पाना लावा.
इथे लाइन बंद करता येत नाही.

नाचणी टेबलावर आडवी, मागचे पाय थरथरत,
स्वतःचं हृदय पडद्यावर चालू आहे
याचा पत्ता नसलेली,
माझ्या बाहीचा वास घेत.

परतीचे दोनशे किलोमीटर
मी रस्ता कमी बघितला, आरसा जास्त.
बरकाजवळ एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा
तिनं एक कान उचलला, मी दोन्ही हात.

प्लॅंटमागे पडलेल्या पाइपात सापडली होती.
रंग नाचणीच्या भाकरीचा, म्हणून नाव.
पाय मात्र सलुकीचे,
पळण्यासाठीच घडवलेले.
शेजारचा हमूद, मासे धरणारा,
तिला हात लावत नाही,
पण दाराशी कागदावर चार तारल्या ठेवून जातो.
म्हणाला, हिच्या जातीचे हरणामागे सोडायचे.
मी सांगितलं, हिनं पळायचं नाही.
बराच वेळ तो तिच्या पायांकडे बघत उभा राहिला.

अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री,
खजुराची बी काढून तिच्या जागी.
खजूर खाते. गोळी गालिच्यावर ठेवते,
धुतल्यासारखी स्वच्छ.

वैजू गुहागरहून फोनवर आधी विचारायची, जेवलास?
आता विचारते, किती?
म्हणजे श्वास. झोपेतले, मिनिटाला.
तिशीच्या आत हवेत.
चिलरच्या जुन्या लॉगबुकात मी लिहितो.
सक्शन, डिस्चार्ज, तेल असे छापील रकाने,
पहिल्यावर रेघ मारून तिचं नाव.
चोवीस. बावीस. सत्तावीस, त्या दिवशी एसी बंद होता.
एका रात्री चौतीस. पुन्हा मोजले. चौतीसच.
गाडीची किल्ली हातात घेतली,
मग दिसलं, पंजे हलतायत,
झोपेत पळत होती.
उठवावं?
नाही उठवलं. तेवढं पळू दे.

डाव्या बरगडीवर तळवा ठेवला
की आवाज कानाआधी हाताला लागतो,
कुत्रीच्या आत एखादं मांजर
गुरगुरत बसल्यासारखा.
जन्मभर मी असले आवाज शोधून बंद केले,
त्याचाच पगार खाल्ला.
आणि रात्री कंप्रेसर कट होतो,
खोली चार-पाच मिनिटं गप्प होते,
तेव्हा अंधारात हात लांब करतो
नेमक्या त्याच बिघाडासाठी.

माझा बताका मार्चमध्ये संपतो.
पुढची दोन वर्षं कंपनी देईल, नाहीतर खलास.
तिचा आकडा मी लमीसकडे मागितला होता.
ती म्हणाली, चहा घेणार?

जूनमध्ये फिरायची वेळ पहाटे चार.
तेव्हाही वाळू तव्यावरून उतरवलेली.
सल्लानच्या किनाऱ्यावर ती थांबली की मी थांबतो,
ती बसली की मी बसतो,
बघणाऱ्याला वाटावं, आजार मला आहे.

आज एक खेकडा तिरका निघाला.
पट्ट्याला हिसका बसला, आणि मी ओढून धरायचं
ते धरलं नाही.
सहा पावलं. ती पुढे, मी मागे, चपला कुठेतरी.
मग तीच थांबली, वळून बघितलं,
जीभ बाहेर, गुलाबी. निळी नव्हती, नीट बघितली.

घरी येऊन लॉगबुक उघडलं.
याला रकाना नाही.
तेलाच्या रकान्यात सहा लिहिलं.
वैजूला सांगितलं नाही.