वीस पावलं

लक्काप्पाची विहीर, भैरूची विहीर :
मधे वीस पावलं, एक बांध, बांधावर शिंदी.
मे महिन्यात लक्काप्पाकडं कळशी बुडते,
भैरूकडं दोर संपतो
आणि बादली दगडावर वाजते.

अकरा वर्षं दोघं बोलत नाहीत.
"माझं पाणी वढून घेतलंय त्येनं,"
भैरू सांगतो चहावाल्याला, कंडक्टरला, मलासुद्धा.

मी भूजल खात्याचा. वर्षातून चारदा कडोलीला येतो.
पोलादी फितीला खडू फासून खाली सोडतो,
कुठवर भिजली ते टिपतो.
तक्ता कन्नड, आकडे मी मनात मराठीत मोजतो.

दोन्ही विहिरी दुर्गव्वाच्या नवऱ्यानं खणल्या.
तो फोडायचा, ती पाटीतनं वर आणायची.
आता तिला दिसत नाही. हात धरून काठावर आणली,
तिनं खडा टाकला, मान तिरकी करून ऐकलं.
"आठ परसावर दगडाचा आवाज बदलला हुता.
म्हनलं त्येला, हितं एकच दगड हुभा हाय."

खरंच. इथला सगळा खडक निजलेला.
लाव्हा आला, पसरला, थंड झाला,
वर लाल माती जमेपर्यंत कुणी फिरकलं नाही,
मग दुसरा आला, तिच्यावरच आडवा झाला.
थराच्या माथ्याला फोडाफोडांचा मांजऱ्या दगड,
त्यातनं पाणी सरकतं, पश्चिमेकडनं,
दिवसाला वीतभर, कधी तेवढंही नाही.
आणि सगळे थर चिरून
खालून घुसलेली एक काळी भिंत,
बांधाला धरून नाही, जरा तिरकी,
शिंदीच्या मुळाखालनं गेलेली.
पाणी येतं, तिला टेकतं,
लक्काप्पाकडं चढत राहतं.

शेऱ्याच्या रकान्यात मी शब्द लिहिला नाही,
एक उभी रेघ ओढली.

दोघांना सांगितलं, वेगवेगळं.
लक्काप्पा म्हणाला, "मग मी चोर न्हवं की."
भैरू तपकिरीची डबी
उघडत राहिला, मिटत राहिला.
"आईनं त्येच्या दारात लिंबं टाकली हुती," म्हणाला,
"तीन अमावास्या."

पाइप अजून कुणी टाकलेला नाही.
नोव्हेंबरात गेलो तेव्हा भैरू शिंदीखाली
पहार ठोकत होता, वाकून कान लावत होता,
एक पाऊल सरकून पुन्हा.
बांधापलीकडं लक्काप्पा, हातात खुरपं,
कितीतरी वेळ नुसता बघत.
मग म्हणाला,
"जरा उजवीकडं."