उलटा कागद

आता सांगायला हरकत नाही.
केकोबादसाहेब गेले, पाळक आवळे गेले,
आणि ज्या ऑफिसात मी ट्रेसर होतो तिथे
मोबाइलची कव्हरं मिळतात.

सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटे,
कोयनेच्या धक्क्यानं साताऱ्याच्या कॅम्पातलं
जुनं देऊळ गुडघ्यावर आलं.
गोऱ्यांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं,
टोकदार कमानी, सागाचे वासे,
भिंतीत पितळी पाट्या: तापानं मेलेल्या
बाविशीतल्या लेफ्टनंटांच्या.
उरलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. आणि घंटा,
कडेचा टवका उडालेली.

"पुन्हा दगड नको," पाळक म्हणाले,
"दगड कसा पडतो ते पाहिलंय आम्ही."
म्हणून छत घड्यांचं, कागदी पंख्यासारखं,
चार इंच सिमेंट, आत सळ्यांचं जाळं.
मनोरा नाही. घंटेला जुन्या रुळांची चौकट.
पंचकमिटीत एलिशा लोखंडे उठले:
"हे प्रार्थनामंदिर, की बाजार समितीचं गोडाऊन?"

दक्षिणेच्या भिंतीत एकच फट, तिरकी, वीतभर रुंद.
नाताळच्या उपासनेला, सकाळी दहाला,
ऊन तिच्यातून उतरणार थेट वेदीवर.
साहेबांनी सूर्य मोजला होता
तीन रविवार, एका काठीच्या सावलीवरून.

आणि मी, एका रात्री, वीज गेलेली असताना,
कंदिलाजवळ त्या भिंतीचा ट्रेसिंग पेपर
उलटा ठेवला.
एवढंच.
अमोनियाचा वास, डोळ्यांत पाणी,
निळ्या रेघांत फट पश्चिम टोकाला सरकली.
हणमंता गवंड्यानं कागदाबरहुकूम बांधलं.
सिमेंट परमिटवरचं; भिंत पाडणार कोण?

पहिल्या नाताळला वेदी अंधारात.
साहेब फटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे,
आणि पाळकांना म्हणाले,
"असंच काढलं होतं मी."

परवा गेलो. छताला डांबराची ठिगळं,
कुंडात प्लास्टिकची फुलं.
चार वाजले तशी फट पेटली,
ऊन शेवटच्या बाकावर येऊन बसलं.
झाडलोट उरकून सुवार्ताबाई
तिथे तांदूळ निवडत होती.
"इथंच दिसतात खडे," म्हणाली,
आणि मला बसता यावं म्हणून
सूप जरा सरकवलं.