अकरा वाट्या

आमच्या वाट्याला अकरा वाट्या,
चौदा दिवसांतून एकदा, तीही रात्रीची पाळी.
सासरे गेले तेव्हा जमीन मुकाट वाटली गेली,
भांडण पेटलं ते साडेतीन वाट्यांवरून.
इथे जमिनीला कोण विचारतो?
ती पडलीय क्षितिजापर्यंत, फुकट, मीठ फुटलेली.
सोयरिकीला आलेली माणसं चहाचा पेला खाली ठेवून
एवढंच विचारतात :
पाणी किती?

पाणी येतं डोंगराच्या पोटातून,
चार कोस अंधारात,
कुणाच्या तरी खापरपणज्याने
रांगत रांगत खणलेल्या कारीजमधून.
उजेडात आल्यावर ते क्षणभर बिचकतं, मी पाहिलंय,
मग पाटाला लागतं.

पाटाच्या तोंडाशी खोली. खोलीत इस्फंदियार,
आमचा मीराब, पाण्याचा कारभारी.
पुढ्यात भरलेलं घंगाळ, घंगाळात तरंगती तांब्याची वाटी,
वाटीच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक.
वाटी भरते, बुडते.
म्हातारा ती काढतो, झटकून पुन्हा सोडतो,
एक खडा उजवीकडून डावीकडे.
जन्मभर एवढंच.
बायकोच्या मयतीलाही तो गेला
दोन वाट्यांपुरता.

त्या रात्री केशराचं पहिलं पाणी होतं.
हे चुकलं की कंद रुसतात,
फूल येतं ते थंडीत करपायलाच.
नवरा बंदर अब्बासला, गोदीत. फावडं माझ्या हाती.
दारं मोडलं, पाणी वाफ्यात घेतलं
आणि सवयीने मोजत राहिले.
घड्याळ मला कुणी शिकवलं नाही,
मी गालिचे विणते.
एका वाटीला शंभर गाठी.
माग नसला तरी बोटं हवेत मारत राहतात.

अकराशे गाठी झाल्या.
मीराबची हाळी आली नाही.
आणखी पन्नास. आणखी शंभर.
खोलीत कंदील तसाच.
म्हातारा पेंगला होता,
वाटी घंगाळाच्या तळाशी निपचित,
आणि वरून वाहणारी वेळ
कुणाच्याच नावावर नव्हती.

शेवटचे दोन वाफे कोरडे होते.
मी दारं बांधलं नाही.

दोनशे गाठींनंतर दाराशी जाऊन खाकरले.
तो दचकला. कोपरापर्यंत हात घालून वाटी काढली,
माझ्याकडे पाहिलं, चिखलाच्या पायांकडे पाहिलं,
एक खडा सरकवला.
"अकरा," म्हणाला.

कार्तिकातल्यासारखी थंडी पडली नि रान जांभळं झालं.
पहाटे खुडायचं, ऊन चढायच्या आत,
मग दिवसभर पाकळ्या उलगडून लाल काड्या वेगळ्या,
बोटं पिवळीधम्मक.
त्या दोन वाफ्यांची फुलं मी निराळ्या फडक्यात घेतली.
वाळून किती? अर्धा मिस्काल.
कागदाच्या पुडीत मावलं.

माझ्यानंतरची पाळी सफरअलीची.
पुडी घेऊन त्याच्या अंगणात उभी राहिले.
"काय आहे हे?"
"दोन वाट्या."

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"त्या रात्री मी बांधावरच होतो, डाळिंबाच्या आड.
जपमाळ ओढत मीही मोजत होतो."

"मग ओरडला का नाहीस?"

"तुझा सासरा गेला तेव्हा चाळीस दिवस
तुमच्याकडून पाण्यावर कुणी आलं नाही.
दोन पाळ्या मी वळवल्या. बावीस वाट्या.
वाया जाऊ द्यायच्या होत्या का?
कलिंगडं काय लागली त्या साली! तूही खाल्लीस."

आतून गुलअंदाम चहा घेऊन आली.
त्याने पुडी सोडली,
माझ्या पेल्यात एक काडी टाकली, स्वतःच्या पेल्यात एक.
चहाला रंग चढेपर्यंत आम्ही दोघं
पाटाचा आवाज ऐकत बसलो.

पुडी मात्र त्याने परत दिली नाही.