नंबर बावीसशे सहा

वही अजून माझ्याकडे आहे.
कारखाना निघाला तेव्हा लिलाववाल्यांनी
लेथ नेले, साचे नेले, भिंतीवरचं घड्याळसुद्धा;
वहीवर कुणी बोली लावली नाही.

काल एक पोरगा आला, मिशिगनहून, ट्रक घेऊन.
खिशातून पितळेची पट्टी काढली, पुसून पुसून लख्ख केलेली:
लुंडेन आणि क्रेब्स, विस्कॉन्सिन.
तीन हॉर्सपॉवर. नंबर २२०६.
"बाई, हे कुणी घेतलं होतं?"

चष्म्याचं निमित्त करून मी आत गेले.
वही न उघडताही ठाऊक होतं तिथे काय आहे:
सिलिंडरला तडा. भंगारात.
शेजारी माझी सही, ह. स्तुएन.

क्रेब्स खिळ्याखिळ्याचा हिशेब मागायचे,
लुंडेन लोखंडाशी बोलायचे.
डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी पहिल्याच इंजिनाला दिलेली;
म्हणायचे, व्याज अजून फिटलं नाही.
चाचणीला इंजिन लागलं की ओतशाळा गप्प.
एक ठोका.
मग नुसतं चाक फिरतंय, फस् फस् फस्, पेट्रोल राखत,
पुन्हा एक ठोका.
काम नसेल तर उगाच पेटायचं नाही,
एवढं शहाणपण त्या यंत्रात होतं.
दोघा मालकांत तेवढंही नव्हतं.

चौदा सालच्या मार्चात गुनहिल्ड रुस्तन आली.
नवरा तळ्यावरच्या बर्फाखाली गेलेला,
अठरा गायी, दोन हात.
अंड्यांचे पैसे रुमालात: अकरा डॉलर.
किंमत बहात्तर.
लुंडेननी रुमालाची गाठ पुन्हा मारून तिच्या हातात ठेवली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"हेडविग, बावीसशे सहाला तडा गेलाय ना?"

मी टाक शाईत बुडवला.
माझं अक्षर तसंही वळणदार;
त्या ओळीत जरा जास्तच उतरलंय.

पुढे युद्ध आलं, मंदी आली,
मग रस्त्याच्या कडेने विजेचे खांब,
आणि शेताशेतात बटण दाबून पाणी.
क्रेब्स मरेपर्यंत त्या सिलिंडरसाठी हळहळत राहिले.
शेवटचं इंजिन, ४३१८: गिऱ्हाइकाचा रकाना कोरा.

बाहेर पोरगा ट्रकवर चढून चाक ओढत होता.
"पडक्या गोठ्यामागे सापडलं, बाई,
आतून बघितलं, केसाएवढी चीर नाही!"

एक ठोका.
खिडकीची काच थरथरली.
फस् फस् फस् फस्
"नाव मिळालं का?"
वहीत बोट घालून मी दारात उभी.
थांब रे,
आधी पुढचा ठोका पडू दे.