बोरं दळून मिळणार नाहीत

माझ्या चक्कीच्या दारावर पाटी आहे,
दर पोळ्याला चुन्यानं नव्यानं लिहितो:
गहू, ज्वारी. हळद वेगळी. मिरची शनिवारी.
आणि शेवटी: बोरं दळून मिळणार नाहीत.

ती ओळ एकाच बाईसाठी आहे.
पंचफुला कुळमेथे, नाल्यापलीकडच्या टोलीवरची.
दर फागुनात येते, ओटीत सुकली बोरं,
धुऱ्यावरच्या त्या बोराटीची,
जिला वावरवाला उन्हाळ्यात जाळतो
आणि जी आखाडीपर्यंत पुन्हा गुडघ्याला लागते.

"काहून नाई दळत, बापा?"
आठळ्या, मी म्हणतो. दगडाला टाकी लावायला
उमरेडहून माणूस आणावा लागतो.
ती हसते. दंडावर काट्यांचे ओरखडे,
बारीक, पांढरे, एकावर एक.

परवाच्या साली मनगट बांधून आली.
मुसळ उचलवत नव्हतं.
मी पायलीभर बोरं टाकली, डोळे मिटून.
दगड किंचाळला, पट्टा सुटला,
खाली पडलं ते तपकिरी, किरकिरं,
आणि आंबट वासानं भिंतीसुद्धा भरल्या.

तिनं चिमूट तोंडात टाकून थुंकली.
"बोरकूट कुटाचं असते, फोडाचं नसते.
आठळी अख्खी राह्यली पाह्यजे.
पोट्टे मंग ते दगडानं फोडून आतला गर खाते.
तुह्या मशीनले हळू मारता येते का?"

नाही येत.

आठ दिवस गावच्या भाकरी आंबट लागल्या.
तक्रार कोणी केली नाही.
फक्त वैद्यांचा पोरगा डबा घेऊन आला,
म्हणाला, त्या दिवसाचं पीठ द्या.

औंदा ती रिकाम्या ओटीनं आली.
"नातीनं पाटी वाचून दाखवली.
मले वाटे, तुह्या दुकानाचं नाव हाय."
आणि तराजूत पुडी ठेवली, वजन न करता.

मीठ, जिरं, जरासा गूळ.
कोरडंच फक्की मार, म्हणाली,
नाहीतर उन्हातून आलेल्याला तांब्यात भिजवून दे.

चाळणीतून एक आठळी निसटली होती.
दिवसभर ती मी गालात फिरवत राहिलो,
आधी हळद,
मग, शनिवार होता, मिरची दळताना.