सहाच्या पुढे आठ

डॉक्टर तोष्णीवाल म्हणाले, चाला.
मी म्हटलं, किती?
ते म्हणाले, झेपेल तेवढं.
गिऱ्हाईक असं मोघम बोललं असतं
तर मी कापडाला कात्री लावली नसती.

एकतीस वर्षं मशीनवर बसून आहे.
पाय हलतात, माणूस हलत नाही.
सेलूतल्या निम्म्या कमरा मला तोंडपाठ,
माझी सोडून.
टेप गळ्यात असतो, साठ इंची,
स्वतःभोवती कधी फिरवला नाही.
टेपालाही इभ्रत असते.

म्हणून खांब मोजायचे ठरवले.
गल्लीच्या तोंडापासून रेल्वे फाटकापर्यंत
विजेचे अकरा,
पिवळ्या पट्ट्यावर काळे आकडे.
पहिल्या दिवशी एक.
एकच.
त्याला धरून उभा राहिलो, सिमेंट गार,
आणि छातीत जुनं मशीन,
कैक वर्षं तेल न घातलेलं.

पहाटे रस्त्यावर माणसं फार असतात हो.
मला वाटलं होतं, अंधारात उरकून येऊ,
लग्नात उसवलेली पॅन्ट
आडोशाला जाऊन टाचावी तसं.
तर ढगे सर हात फेकत गेले,
आले, पुन्हा गेले.
झाडू मारणारी गयाबाई थांबली.
"काय हरवलं का, टेलर?"
"चावी," म्हटलं.
ती बिचारी झाडू टेकवून शोधायला लागली.
मग मलाही शोधावं लागलं,
वाकता येत नाही, उभ्यानंच.

तिसऱ्या दिवशी दोन.
पाचव्या दिवशी गेलोच नाही,
सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशी
थंडी होती, हे कारण पुरलं.
नवव्या दिवशी शोभावतीनं बूट उशाशी आणून ठेवले,
पुतण्याचे, शाळेतले, पांढरे, खडू लावलेले.
बोलली काहीच नाही.
तिचं न बोलणं लई टोचतं,
शिवलेल्या सदऱ्यात सुई राहून जावी तसं.

चौथ्या खांबापाशी नाडी सुटली.
पाय हौदाच्या कठड्यावर ठेवून पाहिला,
पोट मधे आलं.
मुदस्सर दुधाच्या किटल्या घेऊन चालला होता,
सायकल लावली, खाली बसला,
दोन गाठी मारल्या, पक्क्या,
अन् वर बघून म्हणाला,
"चाचा, मेरा कुर्ता कब देते?"
"आज," म्हटलं.
त्या अवस्थेत दुसरं काय बोलणार.

जिनिंगच्या शिट्टीच्या आत घरी यायचं,
हा नेम मात्र पाळला.
नंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात,
आणि गाडीवान ओळखीचे.

सहापर्यंत पोचलो त्याला आता महिना होईल.
सहाच्या पुढे आठ.
सात उन्हाळ्यातल्या वावधानात पडला,
उचलून नेला, पुन्हा लावलाच नाही.
तार तिथं झोळीसारखी लोंबते,
खाली कुणाच्या तरी तुरीचं रान.
सहापाशी उभं राहून बघितलं
की आठ परगावी वाटतो.
मधे धरायला काही नाही.
कितीतरी दिवस सहाला हात लावायचा
आणि माघारी.

काल गयाबाई म्हणाली,
"सापडली का वो चावी?"
"नाही अजून," म्हटलं, "पुढं बघतो."
आणि निघालो,
बोलून बसलो होतो म्हणून.

मधोमध दम संपला.
सात होता तिथं गोल खड्डा,
आत माती, चहाचा चेपलेला कप,
आणि रुईचं एक रोप, वीतभर.
अंदाज आपोआप आला, नऊ इंच.
दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.
माझेच हात, माझेच गुडघे,
त्यांची अशी भेट बऱ्याच वर्षांनी.
तसाच उभा राहिलो.
ढगे सर बाजूनं जाताना हळू झाले,
थांबले नाहीत.
त्याबद्दल त्यांचे उपकार.

आठला गेलो का, ते विचारू नका.
दुकानात आलो,
मुदस्सरचा कुर्ता एकदाचा कापायला घेतला,
तेव्हा ध्यानात आलं,
येताना सहाला हात लावायचं
राहूनच गेलं.